आता जरा मागं फिरून बघा

“आता जरा मागं फिरून बघा.”

प्रभू गाईडचं हे ठरलेलं वाक्य. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळामागं, नंदीजवळ, तो पाहुण्यांना देवळाकडं पाठ करून उभं करायचा. गोष्ट सांगायचा. गोष्ट टोकाला आली की आवाज पार खाली आणायचा आणि हे म्हणायचा. पाहुणे फिरायचे. ते काळ्या दगडाचं, हत्तींच्या आणि नाचणाऱ्या बायांच्या नक्षीनं भरलेलं देऊळ एकदम अंगावर आल्यासारखं व्हायचं, आणि वाटभर बडबड करत आलेली माणसंही गप्प व्हायची.

पुढं पुढं ते वाक्य देवळापुरतं राहिलं नाही, त्याच्या तोंडातच बसलं. घरात बायकोला काडेपेटी सापडेना झाली की तो चेष्टेनं म्हणायचा, “आता जरा मागं फिरून बघा.” त्याच्या गावी, गोरेगावच्या बाजारात, लोक त्याला लांबून हाक मारायचे तेही याच वाक्यानं. तो फिरला की हसायचे. त्याला राग यायचा नाही. आपल्याला गावात एक स्वतःचं वाक्य आहे, असं किती जणांना म्हणता येतं?

माणूस मेंढरांमागं वाढलेला. सुगी झाली की बाप सटवाजी मेंढरं घेऊन औंढ्याच्या बाजूला उतरायचा आणि लोकांच्या शेतात खतासाठी बसवायचा. प्रभू त्यातून निसटून देवळात जायचा. शहरातली मंडळी आली, त्यांच्यापुढं कुणी जाणता बोलू लागला, की हा पाठीमागं उभा राहून ऐकायचा. ऐकलेलं माळावर मोठ्यानं म्हणायचा. सटवाजी म्हणायचा, “सांग, सांग. मेंढरं बी मान हालवत्यात, बराबर हाये मनत्यात.” शिक्षण सातवीपर्यंत. बाकी सगळं त्यानं असं पाठीमागं उभं राहूनच मिळवलं. पन्नाशीला आला तेव्हा पुण्या-नांदेडाकडची माणसं फोन करून त्याला बोलवू लागली होती. त्यांची स्वतःची गाडी असायची. सकाळी नरसीला भेटायचं, नामदेव महाराजांचं जन्मगाव दाखवायचं, वाटेनं इकडचं तिकडचं सांगत औंढ्याला यायचं आणि दुपार कलल्यावर निरोप घ्यायचा. ते लोक त्याला ‘सर’ म्हणायचे.

त्या ‘सर’साठी त्यानं पांढरा शर्ट शिवला, खांद्याला लावायची पिशवी घेतली, आणि ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं. घरी परतला की ते ‘नाही’ शर्टासोबत खुंटीला टांगून ठेवायचा.

आणखी एक गोष्ट त्यानं केली होती. पाहुणे विचारायचे, घरी कोण असतं? तो सांगायचा, “आमच्या मिसेस शाळेवर असतात.” पाहुणे म्हणायचे, वा, शिक्षिका. तो काही बोलायचा नाही, नुसता खिडकीबाहेर बघायचा. सांगितलं ते खोटं नव्हतंच. त्याची बायको अनुसया शाळेवरच असायची. ती पोरांसाठी खिचडी शिजवायची.

अनुसयानं कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. तिकडच्या बायांची रीतच ती. पण हिची पंचाईत मोठी होती, कारण नवऱ्याचं नावच देवाचं. भजनात ‘प्रभू’ आला की सगळ्या बाया म्हणायच्या आणि ही तेवढा शब्द गिळून पुढच्या शब्दावर जाऊन थांबायची. बाया तिला चिडवायच्या, “अगं, देवाला तरी हाक मार.” ती पदर तोंडाला लावून हसायची. नवऱ्याला ती म्हणायची, “अवं.” त्या एका अक्षरजोडीत ती राग, माया, जेवायला बोलावणं, सगळं बसवायची.

तिची एकच मागणी होती, तीही जुनी. नवऱ्याची देवळातली गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती. सगळा मुलूख ऐकून गेला. ती म्हणायची, “एकदा मला बी उभं करा की तिथं.” तो म्हणायचा, “तुला काय बघायचं, रोजचंच हाये.”

ते फाल्गुनाचे दिवस होते, हरभरा निघाला होता. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पहाटे पिशवीत भाकरी बांधता बांधता ती म्हणाली, “आज मी बी येते.”

“पाव्हण्यांची परायव्हेट गाडी असती. आपल्याला न्हाई नेता येत कुणाला.”

“गाडीत कोन बसायलंय? मी जीपनं येते. गर्दीत उभी राहून ऐकते. तुमाला काय तकलीफ?”

तो काही बोलला नाही. न बोलणं म्हणजे हो, असं तिनं धरलं.

पाहुणे पुण्याचे होते. पुष्कर आणि जाई, नवरा-बायको, तिशीतले. पुष्कर स्वतः गाडी चालवत होता. प्रभू त्याच्या शेजारी बसला आणि जाई मागं. दोघंही साधी, चौकस, ऐकून घेणारी होती. नरसीत त्यांनी प्रभूचं बोलणं इतकं मन लावून ऐकलं की त्याचा ऊर भरून आला. गाडीत बसल्यावर जाईनं विचारलंच, घरी कोण कोण. आणि त्यानं सांगितलंच, “मिसेस शाळेवर असतात.”

“काय शिकवतात?”

आजवर हा प्रश्न इतका नीट कुणी विचारला नव्हता. प्रभूच्या तोंडून निघून गेलं, “मराठी.”

तोंडातून निघालेलं गिळता येईना. पळसाची झाडं लालभडक फुलली होती, ती दाखवून त्यानं विषय बदलला.

औंढ्याच्या फाट्यावर अनुसया उभी होती. गोरेगावहून आलेल्या जीपनं तिला तिथं उतरवलं होतं आणि पुढची जीप अजून भरायची होती. तिनं ठेवणीतलं लिंबाच्या रंगाचं पातळ नेसलं होतं. पुढच्या काचेतून नवरा दिसला तसा तिचा हात वर आला. मग आपण कुणाच्या गाडीला हात करतोय ते ध्यानात येऊन तो अर्ध्यातूनच खाली गेला.

“त्या काकू तुम्हाला हात करतायत का?” जाईनं विचारलं.

“मला?” प्रभू म्हणाला. “हां. गावाकडल्या बाई आहेत. ओळखीच्या.”

हे बोलताना त्याला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. पुष्करनं तोवर गाडी बाजूला घेतलीही होती. “औंढ्यालाच निघाल्या असतील तर घेऊ की. मागं जागा आहे.”

काच खाली गेली. प्रभूची आणि अनुसयाची नजरानजर झाली.

“औंढ्याला का, बाई?” प्रभूनं विचारलं.

अनुसयानं त्याच्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, परत त्याच्याकडं बघितलं. “व्हय,” ती म्हणाली, आणि मागं जाईशेजारी अंग चोरून बसली.

गाडी चालू झाली. जाई बोलकी होती. “काकू, तुम्ही काय करता?”

“शाळंवर खिचडी करते, ताई.”

“अय्या, सरांच्या मिसेसही शाळेवरच आहेत. मराठी शिकवतात. तुमच्याच शाळेत का?”

प्रभूनं पुढच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही.

“व्हय,” अनुसया म्हणाली. “आमच्याच शाळंत.”

“मग ओळखत असाल.”

“वळखते की.”

“कशा आहेत?”

“बरी हाये बाई. जराशी येडी हाये.”

जाई खळखळून हसली. पुष्करही हसला. “सर, ऐकताय ना? तुमच्या घरापर्यंत पोचणार हे.” प्रभूनं हसल्यासारखं केलं. आरशात त्याला लिंबाच्या रंगाची एक पट्टी दिसत होती, चेहरा दिसत नव्हता. आरसा तिरपा होता. तो सरळ करायला हात लावावा असं त्याला वाटलं नाही.

औंढ्याला उतरल्यावर तिला पाहुण्यांपासून लांब ठेवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. देवळाच्या आवारात शिरताच तो म्हणाला, “बाई, तुम्ही तिकडं मागं नंदीच्या सावलीला बसा. इथं गर्दी असते.”

ती गेली. पाहुण्यांना त्यानं रांगेत नेलं, अरुंद पायऱ्यांनी खाली उतरवून दर्शन घडवलं, भिंतीवरचे हत्ती दाखवले. सगळं बोलला, पण बोलणं नुसतं चालू होतं, विहिरीवरची मोटार चालू असावी तसं. शेवटी नंदीकडं यायचं होतंच. ते टाळता येत नाही, औंढ्याची सगळी गोष्ट तिथंच आहे.

ती नंदीच्या कट्ट्याला टेकून बसली होती. प्रभूनं पिशवी त्याच कट्ट्यावर ठेवली, तिच्याकडं न बघता. पाहुण्यांना देवळाकडं पाठ करून उभं केलं. स्वतः त्यांच्याकडं तोंड करून उभा राहिला. नंदी आणि अनुसया आता त्याच्या पाठीमागं होती.

त्यानं गोष्ट सुरू केली. तेव्हा देवळाचं तोंड इकडं होतं, नामदेव महाराज इथंच भजन करत होते. मोठ्या लोकांना ते खपलं नाही. म्हणाले, इथं नको, मागं जा. महाराज भांडले नाहीत. उठले, मागं गेले, पलीकडं बसले आणि भजन म्हणू लागले. प्रभूचा आवाज खाली आला. त्या आवाजावर त्याचा ताबा नव्हता, तो इतक्या वर्षांच्या सवयीनं आपला आपण उतरला. आणि लोक सांगतात, देवाला करमेना. ज्याला मागं पाठवलं, त्याच्याकडं देवानं तोंड केलं. सगळं देऊळच्या देऊळ फिरलं. नंदी तेवढा राहिला मागं.

“आता जरा मागं फिरून बघा.”

पुष्कर आणि जाई फिरले. देऊळ बघत गप्प उभे राहिले. जाईनं डोळे पुसले. एरवी याच वेळी प्रभूला आपण राजा असल्यासारखं वाटायचं. आज त्याला मान वर करवेना. आपण काय सांगितलं ते त्याला पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

पाहुणे निघाले. तोही त्यांच्यामागं निघाला, घाईनं.

“ओ भाऊ.”

आवाज ओळखीचा होता, हाक ओळखीची नव्हती.

“ओ भाऊ, तुमची पिशवी राहिली.”

त्याचे पाय थांबले. आजूबाजूला कुणाला काही वाटलं नाही. कुठल्याही बाईनं कुठल्याही माणसाला भाऊ म्हणावं, त्यात काय? पण प्रभूच्या कानात कुणी उकळतं तेल ओतल्यासारखं झालं. जिनं देवाच्या भजनातही त्याचं नाव गिळलं, तिनं देवाच्या दारात त्याला भाऊ केलं होतं. आणि दुसरं म्हणणार तरी काय होती बिचारी? ‘अवं’ म्हणाली असती तर याचं खोटं उघडं पडलं असतं. ते झाकायला जो शब्द हाताशी होता, तो तिनं घेतला. ‘बाई’ त्यानंच आधी म्हटलं होतं.

तो वळेना, तशी जाई हसून म्हणाली, “सर, आता जरा तुम्ही मागं फिरून बघा.”

तो फिरला. अनुसया पिशवी पुढं धरून उभी होती. पहाटे तिनंच भाकरी बांधून दिलेली पिशवी. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. त्यानं पिशवी घेतली. दोघांची बोटं लागू नयेत म्हणून तिनं पट्टा अगदी टोकाला धरला होता, परक्या माणसाला वस्तू देतात तसा.

“आम्ही बाहेर रस पितो, तुम्ही सावकाश या,” म्हणून पाहुणे गेटाकडं गेले.

तो आणि ती नंदीजवळ राहिले. कुणीतरी घंटा वाजवली. ती परत कट्ट्याला टेकली.

“चांगली सांगता गोष्ट,” ती म्हणाली.

“आवडली?”

“आवडली. पन महाराजाला मागं जा मनलं, ते लोक. त्येंचं पुढं काय झालं?”

प्रभूनं ओठ ओले केले. “ते न्हाई गोष्टीत.”

“अस्सं.” तिनं पदराचं टोक गुडघ्यावर सारखं केलं. “एक इचारू?”

“इचार की.”

“मी काही रुसले न्हाई. खिचडीवालीला खिचडीवाली मनायला लाज वाटती, वाटू द्या. पन माज्या तोंडातून भाऊ गेलं. आता घरी काय मनू तुमाला?”

“मन की, रोजच्यावानी.”

“तेच बघायले मघापासून,” ती म्हणाली. “निघना झालंय.”

तिनं खरंच बघितलं. ओठ हलवले, पहिलं अक्षर घेतलं आणि थांबली, भजनात थांबायची तशी. प्रभूला तिच्याकडं बघवेना आणि नजर काढवेना. ज्याला वाटभर गोष्टी सांगता येतात, त्याला स्वतःच्या बायकोपुढं एक वाक्य जुळवता येईना. मग त्याला कळलं, की तिला सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही. तिला सगळं ठाऊक आहे. सांगायचं ते बाहेर रस पीत उभ्या असलेल्या त्या दोघांना.

त्यानं पिशवी खांद्यावरून काढली आणि तिच्याशेजारी कट्ट्यावर ठेवली.

“हितंच बस. आलोच मी त्येंना सांगून.”

“काय सांगनार?”

“खिचडी,” तो म्हणाला.

तो निघाला. दुपारचं ऊन फरशीवर तापलं होतं आणि पायात काही नव्हतं. आधी तो झपझप चालला, मग पाय रेंगाळले. देवळाच्या कोपऱ्याशी एकदा पार थांबला, तेव्हा अनुसयाला वाटलं, आता परत येतो. तो आला नाही. शर्टाची पाठ घामानं चिकटली होती. तसाच, खाली बघत, तो गेटाकडं चालत गेला. एकदाही त्यानं मागं फिरून बघितलं नाही. नंदीच्या सावलीत, मांडीवर त्याची पिशवी घेऊन, अनुसया बघत राहिली.