बाळकृष्णरावांकडचा चार वाजताचा चहा

राजमला लोक गरीब गाय म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं! चौदाव्या वर्षी ती तिरुवैयारुहून तंजावुरात सून म्हणून आली, तेव्हा नवरा पसंत आहे का हे तिला कुणी विचारलं नव्हतं. पुढं तिरुचीला बिऱ्हाड करायचं का, पोरांची नावं काय ठेवायची, हेही कुणी विचारलं नाही. आणि विचारलं नाही म्हणून ती बोलली नाही, एवढंच. पण न बोलणाऱ्या माणसाला मत नसतं, असा आपल्याकडे एक सोयीचा समज आहे ना!

तिचा नवरा चिदंबर तिरुचीला रेल्वेत कारकून. वर्षभर राजम तिथल्या दोन खोल्यांत तीन मुलांच्या मागं धावायची आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळी वरात तंजावुरात सासूबाई वेंकूबाईंकडे यायची. सुट्टी नवऱ्याला आणि पोरांना. हिला कसली आलीय? वेंकूबाईंचं सोवळं म्हणजे डोळ्यांत तेल घालून पाळायचं काम. पाणी असो, दूध असो की कॉफी, टंबलर उंच धरून वरून घशात सोडायची. काठाला ओठ लागला की भांडं उष्टं, आणि मग ते घासून विसळून येईपर्यंत तोंडाचा पट्टा सुरू. दोन वर्षांचा रघूसुद्धा मान मागं टाकून, आ करून तसंच प्यायचा. निम्मं दूध पोटात, निम्मं पोटावर.

१९५९ च्या मे महिन्यात त्या घरात एकच विषय चालला होता, आणि तो रघूचा. मेलवीथी नावाच्या रस्त्यावर राहणारे बाळकृष्णराव चिदंबरचे लांबचे चुलते. सब-जज्ज म्हणून रिटायर झालेले, मोठं घर, मागं बाग, आणि मूलबाळ नाही. त्यांना दत्तक हवा होता, आणि तो आपल्याच गोत्रातला हवा होता. चिदंबरला तीन मुलगे. थोरला द्यायचा नसतो. मधला शाळेत जातो, आईबाप ओळखून आहे. मग उरला कोण? रघू. इतकं सरळ ते सगळ्यांनी मांडलं होतं, जणू मांडवावरचा एक भोपळा काढून शेजारी द्यायचा होता.

“पोर सोन्यानं न्हाईल,” असं वेंकूबाई दिवसातून दहा वेळा म्हणायच्या. चिदंबर म्हणायचा की काका त्याला मद्रासला कॉलेजात शिकवतील, आपल्याच्यानं ते या जन्मी व्हायचं नाही. यात खोटं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत होती. राजम भाजी चिरत ऐकायची. कुणी तिच्याकडे बघून थांबायचं नाही. ती गप्प आहे म्हणजे तिचं होय आहे, असं धरूनच पुढचं बोलणं चालायचं.

मग निरोप आला की रविवारी चार वाजता तिघं चहाला या. चहाला! तंजावुरात तेव्हा चहा प्यायचा तो पडसं झालेल्या माणसानं. पण बाळकृष्णरावांना कुठल्याशा गोऱ्या वरिष्ठापासून ती सवय लागलेली. व्हरांड्यात टेबल, पांढरी चादर, चिनी मातीचे कप. चहाचं निमित्त होतं, पोराला बघायचं होतं. राव नेमके शिस्तीचे, त्यांना आरडाओरडा खपायचा नाही, सांडलवंड खपायची नाही. एका नातेवाइकाचा मुलगा टेबलावर शिंकला म्हणून त्यांनी तो विषयच मिटवला होता म्हणे. चिदंबरनं बजावलं की पोराला दुपारी चांगला झोपव, उठला की ताजातवाना दिसेल, आणि कप धरून ओठांनी प्यायला शिकव.

राजमनं मान हलवली आणि यातलं काहीही केलं नाही.

उलट रविवारी दुपारी रघूचे डोळे मिटायला लागले की ती त्याला उठवायची. विहिरीवर नेलं, तोंडावर पाणी मारलं, चकलीसारखी मुरुक्कू दिली, टाळ्या वाजवून नाचवलं. पोर रडवेलं झालं तेव्हा तिचंच काळीज तुटलं, पण तिनं झोपू दिलं नाही. कपाचं तर तिनं नावच काढलं नाही. पोर किरकिरेल, लाथा झाडेल, दूध उपडं करेल, आणि राव कपाळाला आठ्या घालून म्हणतील, नको. मग तिला तोंड उघडायलाच नको. नवऱ्याची मान खाली नाही, सासूचा शब्द मोडला नाही, आणि लेकरू आपलं आपल्याकडे. गरीब गाय म्हणे!

अग्निनक्षत्राचे दिवस, रस्ता तव्यासारखा तापलेला. चिदंबर इस्त्रीची वेष्टी नेसून पुढं, मागं रघूला कडेवर घेऊन राजम. मेलवीथीत पोचेपर्यंत तिच्या पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या आणि रघू तिच्या खांद्यावर पेंगत होता. ती त्याला गदागदा हलवत होती.

बाळकृष्णराव कोट घालून बसले होते, एवढ्या उन्हात. त्यांच्या पत्नी सीतालक्ष्मी बाजूला उभ्या. पंचेचाळिशीच्या, अंगानं बारीक, हातांचं काय करावं हे न समजल्यासारख्या पदराशी चाळा करणाऱ्या. टेबलावरच्या चादरीची जाळी त्यांनीच विणलेली; घरभर तीच जाळी होती, खुर्च्यांवर, खिडक्यांवर, रेडिओवरसुद्धा. रघूसाठी म्हणून निळ्या काठाचा एक छोटा कप नवा आणलेला दिसत होता. तो बघून राजमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रावांनी चहा ओतला, बिस्किटांची बशी सरकवली, तिरुचीच्या हवेची चौकशी केली. चिदंबर खुर्चीच्या टोकावर बसून होय काका, होय काका करत होता. रघूपुढं दुधाचा कप ठेवला गेला. राजमनं हात मागं घेतला.

पोरानं दोन्ही हातांनी कप उचलला. आजीनं शिकवलेलं विसरतो थोडंच! मान मागं टाकली, आ केला, कप डोक्यावर नेला आणि सोडलं. दूध नाकात, डोळ्यांत, नव्या शर्टावर, आणि त्या जाळीच्या चादरीवर चांगला हातभर ओघळ. चिदंबर पांढराफटक पडला. रावांच्या भुवया वर गेल्या. राजमच्या मनात आलं, झालं, सुटलो. आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

पण करायला गेली एक आणि झालं भलतंच. सीतालक्ष्मी पुढं आल्या आणि खाली बसून आपल्या पदरानं पोराचं तोंड पुसायला लागल्या. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. या घरात तीस वर्षं त्या एकट्याच तसं पीत होत्या, स्वयंपाकघरात, दाराआड, कुणी बघू नये म्हणून. हे त्यांनी नवऱ्यादेखत सांगून टाकलं. राव गडबडले, मग तेही हसले. त्या घरात बहुधा बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं असावं. सीतालक्ष्मींनी रघूला उचलून मांडीवर घेतलं. आणि दुपारभर डोळा न लागलेलं ते पोर, गार सावली आणि मऊ मांडी मिळताच, दोन मिनिटांत गाढ झोपलं.

रडलं नाही. आईकडे बघितलंसुद्धा नाही. राजमनं जे जे केलं ते ते उलटून तिच्याच अंगावर आलं होतं. चिदंबरच्या चेहऱ्यावर जीव आला. दत्तकाला यापेक्षा चांगला शकुन कोणता, मूल आपण होऊन ओटीत झोपलं!

रावांनी एक कागद काढला आणि चष्मा लावला. म्हणाले की मुहूर्त नंतर बघू, आधी कायद्याचं. पूर्वी बापानं दिलं की पुरत असे. आता तीन वर्षांपूर्वीच्या नव्या कायद्यानं आईची संमती लागते. चिदंबर घाईनं म्हणाला, तिची काय हरकत असणार काका, ती काही बोलायची नाही. रावांनी हात वर करून त्याला थांबवलं. कोर्टात असंच थांबवत असतील.

“राजम, तुला विचारतोय. तुझी संमती आहे का?”

तिला आधी कळलंच नाही. ही वेळ येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं सगळा बेत केला होता तो न बोलता निभावण्याचा. होय म्हटलं तर पोराचं कल्याण होतं, हे काही कुणी तिला फसवून सांगितलं नव्हतं. नाही म्हटलं तर नवऱ्याचं तोंड काळं, सासूचे टोमणे जन्मभर, आणि उद्या रघू मोठा होऊन म्हणेल, मला का नाही दिलंस? समोर ती बाई मांडीवरच्या पोरावर माशी बसू नये म्हणून पदर हलवत होती आणि राजमकडे बघायचं टाळत होती.

“काका, मी त्याला आज मुद्दाम झोपू दिलं नाही,” राजम म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “कप धरायलाही शिकवलं नाही. तुम्हाला तो आवडू नये म्हणून. माझी संमती नाही. मला तो द्यायचा नाही.”

चिदंबर उठला आणि पुन्हा बसला. रावांनी चष्मा काढला, कागदाची घडी घातली, आणि ठीक आहे, एवढंच म्हणाले. राजम पोराला घ्यायला उठली, तेव्हा सीतालक्ष्मींनी मान न उचलता बोट ओठांवर ठेवलं. झोपलाय, उठू दे.

मग ती चौघं बसून राहिली. चहा गार झाला. चादरीवरचं दूध वाळून कडक झालं. पोर काही उठेना. अर्धा तास, पाऊण तास. राजमला वाटत होतं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, पण शब्द मागं घ्यावा असं एकदाही वाटलं नाही.

रघूनं डोळे उघडले, अनोळखी तोंड बघितलं आणि भोकाड पसरलं. राजमनं त्याला घेतलं. त्याच्या मुठीत सीतालक्ष्मींचा पदर होता. तो त्यांनी एकेक बोट उकलून सोडवला. पायरीपर्यंत पोचवायला त्या आल्या.

“याला घेऊन पुन्हा या वीथीत येऊ नकोस हो, राजम,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “मला जमणार नाही.” चिदंबर दोन पावलांवर चपला घालत होता.

चिदंबर त्यानंतर सबंध महिना बायकोशी बोलला नाही. वेंकूबाई मात्र इतक्या बोलल्या की त्यांचा घसा बसला. पण पुढच्या वर्षी सुट्टीत सगळी देवळात निघाली, तेव्हा मेलवीथीच्या तोंडाशी चिदंबर आपण होऊन वळला आणि मागच्या लांबच्या रस्त्याला लागला. सावलीचं झाड नाही त्या रस्त्याला. त्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, रघू कडेवर न बसता सगळी वाट स्वतः चालायला लागला तरीही, दर मे महिन्यात राजम त्याला तिथूनच नेत राहिली.