विळा आणि सुई

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्षाच्या हळदीचे डबे लावत होते. वसमतहून आलेल्या माणसाने निरोप सांगितला आणि फडक्यात बांधलेलं होकायंत्र हातात दिलं. 'ताईकडं द्या,' एवढंच दादा म्हणाला होता. मी ते कोनाड्यात ठेवलं, सवयीने शेजारी किल्ल्यांचा जुडगा ठेवला... आणि सुई हलली.

दादा मोजणीखात्यात होता. होकायंत्र तिथलंच, जुनं म्हणून त्याला मिळालेलं. माझी यमू झाली तेव्हा मी माहेरी होते, पूर्णेच्या काठी. बारशाआधीच लेकरू तापलं, दूध ओढेना. डॉक्टर पलीकडे, वसमतला. सकाळी मी, आई आणि दादा घाटावर गेलो तर नदी भरलेली, आणि धुई अशी की नावेतून पाणीही दिसेना. खालच्या अंगाला खडकांची रांग. तिकडे वाहवलो तर संपलंच.

"नाकासमोर मारतो," लिंबाजी नावाडी म्हणाला.

"नावेचं नाक कुनीकडं बी फिरतं, लिंबाजी. धुईत कळायचं बी न्हाई. आज सुईवर चालू," दादा म्हणाला.

पलीकडच्या घाटाची दिशा दादाने धुई नसलेल्या दिवशी सुईवर बघून ठेवली होती. धार खाली ओढते म्हणून नाक जरा वरच्या अंगाला धरायचं, तेही ठरलेलं. तो माझ्याशेजारी बसून सांगत होता, लिंबाजी वल्हवत होता. मध्यावर यमू रडली. तिला पाजायला मी मांडीवरचं गाठोडं दादाच्या बाजूला सरकवलं.

"थांब!" दादा ओरडला. "वल्हं उचल. नाव येवढी झटक्यात वळत न्हाई, मग सुई काहून वळली?"

"सुईला बी धुई चढली जनू," लिंबाजी म्हणाला. खडकांवरचं पाणी ऐकू येऊ लागलं होतं.

दादाने गाठोड्याकडे पाहिलं. त्यात विळा होता. बाळंतिणीला काही बाधू नये म्हणून आईने बांधून दिलेला.

"बाळंतिणीचं लोखंड काढायचं न्हाई, सांगून ठिवते," आई म्हणाली.

"काढा म्हनलं का मी?" दादा म्हणाला. "तिचा विळा तिच्यापाशी. माझी सुई मी घिऊन जातो."

तो वाकून, तोल सांभाळत नावेच्या पार टोकाला गेला. यंत्र तळहातावर धरलं. खडक गरजत होते, आई नागनाथाचं नाव घेत होती, आणि तो सुई थरथरून स्थिर व्हायची वाट बघत होता! इतकं शांत माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. मग म्हणाला, "वरच्या अंगाला. अजून. बराबर... आता मार."

धुईतून घाटाची पायरी थेट आमच्यासमोर आली. लिंबाजीने आधी पायरीला हात लावला, मग दादाच्या पायाला.

यमू आता माझ्या खांद्याला लागते. घरात कुठली वस्तू कुठे ठेवायची ते मी ठरवते. माझा शब्द कुणी मोडत नाही. पण निरोप आला त्या दिवशी किल्ल्या उचलून मी समोरच्या भिंतीवर, आईच्या त्या विळ्याशेजारच्या खुंटीला अडकवल्या. परत येऊन कोनाड्यापाशी उभी राहिले. सुई थरथरली... आणि आपल्या जागी आली.