सतरावा खण

त्या गुरुवारी मी काळजीपोटी कॉरीच्या घरी गेले आणि म्हणून तिचा जीव वाचला, असं आमच्या ओळखीतले सगळे मानतात. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी चारचौघांत माझं कौतुकही केलं, आणि मी ते निमूटपणे ऐकून घेतलं. आज खरं काय ते लिहिते. मी काळजीनं गेले नव्हते. मी तिच्याशी संबंध तोडायला गेले होते.

मंदारच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून नेदरलँड्सला, फोरबर्ग या गावी आलो. मी डिपेंडंट म्हणून आले, पुढे गावातच अर्धवेळ काम मिळालं. पण मनानं मी इथे रुजले ती कॉरीमुळे. कॉरी म्हणजे ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी, चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं थोरलं व्हायोलिन, वाजवणारी डच बाई. मी लहानपणापासून मांडी घालून व्हायोलिन शिकलेली. हे तिला कुठूनसं कळलं आणि तिनं मला आपल्या चौकडीत ओढलं. पहिलं व्हायोलिन हेंक वाजवायचे, व्हायोला, म्हणजे जरा खर्जातलं व्हायोलिन, त्यांची बायको, चेलो कॉरी आणि दुसरं व्हायोलिन मी. दर शनिवारी अडीचच्या ठोक्याला तिच्या बैठकीत आम्ही अडीचशे वर्षांपूर्वीचं व्हिएन्नाचं संगीत वाजवायला बसायचो. चार शहाण्या माणसांनी गप्पा माराव्यात तसं ते संगीत असतं. एक बोलतो, दुसरा त्याची री ओढतो, तिसरा हळूच चिमटा काढतो. माझी आई गेली आणि मला पुण्याला जाता आलं नाही, तेव्हा ही बाई तीन दिवस रोज न कळवता माझ्याकडे येऊन नुसती बसून राहिली होती. इथली माणसं डायरी उघडल्याशिवाय कुणाकडे चहालाही जात नाहीत, म्हणून त्याचं मला फार वाटलं. या देशात मंदारखेरीज मला माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, ते हे.

भांडण झालं ते एका संथ भागावरून. त्यांच्या लिपीत सूर छोट्या छोट्या भागांत लिहिलेले असतात. त्याला ते बार म्हणतात, मी आपली खण म्हणते. त्या भागात सोळा खण चेलो एकटा गातो, मी गप्प. सतराव्या खणात चेलोही थांबतो. अख्खा खण रिकामा, चौघंही गप्प. मग अठराव्यात मी हलकेच शिरायचं. आता ज्या मुलीच्या हाडात तीनताल भिनलेला आहे, तिला सोळानंतर काय येतं ते कुणी शिकवावं लागत नाही. सोळा मात्रा झाल्या की सम. मी बोटांच्या पेरांवर मोजायचे आणि दर शनिवारी सतराव्या खणात, त्या शांततेच्या बरोबर मध्यावर, मोठ्या आत्मविश्वासानं येऊन आदळायचे. पहिल्यांदा सगळे हसले. पाचव्या शनिवारी कॉरीनं गज खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "तू ऐकत नाहीस. तू फक्त मोजतेस. एक खण रिकामा राहिलेला तुला सोसत नाही."

डच माणसं तोंडावर बोलतात, हे मला माहीत आहे. पण हेंक आणि त्यांच्या बायकोसमोर तिनं असं बोलावं, हे मला झोंबलं. नवव्या वर्षापासून वाजवते आहे मी! व्हायोलिन पेटीत घातलं आणि सायकल काढली. पुढचे दोन शनिवार गेले नाही. तिचे दोन फोन आले, तेही उचलले नाहीत. मंदार म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? जस्ट टॉक टू हर." मी म्हटलं, तूच जा.

आमच्याकडे गुरुवारी दत्ताची पूजा असते. आईनं दिलेली छोटी तसबीर आहे. स्मोक अलार्म कोकलू नये म्हणून थंडीतही खिडकी उघडून मी उदबत्ती लावते. खरं सांगायचं तर आई गेल्यापासून त्या पूजेत जीव राहिला नव्हता. इतक्या लांब, समुद्रापलीकडे, महाराज कशाला येतील, असं वाटायचं. हात जोडायचे, उठायचं. त्या गुरुवारी तर आरती म्हणतानाही माझं मन चिठ्ठीची वाक्यं जुळवत होतं. 'मी आता येणार नाही. तुझी पानं परत करते आहे.' चिठ्ठी आणि माझी सुरांची पानं एका पाकिटात घातली, आणि अकराच्या सुमाराला निघाले. बेल वाजवायची नाही, पाकीट दाराच्या फटीतून टाकायचं आणि परत फिरायचं, असं ठरवलं होतं.

नोव्हेंबरातलं धुकं होतं. कालव्यावरचा पूल अर्धाच दिसत होता, पलीकडचा भाग नव्हताच जणू. कॉरीच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारातली पत्रांची झडप उचलून मी पाकीट आत ढकललं. ते आत पायपुसण्यावर पडल्याचा आवाज आला. मी वळले आणि फाटकाबाहेर लावलेल्या सायकलीचं कुलूप काढू लागले.

तेव्हा चेलो ऐकू आला.

तोच संथ भाग. आधी मला रागच आला. म्हणजे बाई घरात आहे आणि माझ्यावाचून मजेत वाजवते आहे! तरी मी थांबले, कारण रियाज चालू असताना पाठ फिरवू नये, ही गुरुजींची शिकवण. सोळा खण झाले. सतराव्याला सूर थांबला. मग अठराव्याला कुणीच आलं नाही, आणि चेलो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा सोळा, पुन्हा ती शांतता. तिसऱ्या वेळी माझ्या अंगावर काटा आला. सूर घरातून येत होता, पण त्याला गजाची खरखर नव्हती, लाकडाचा नाद नव्हता. तो जवळही नव्हता आणि लांबही नव्हता. मी धावत जाऊन बेल दाबली. बेल घरभर वाजली, पण चेलो एका सुरानंही चुकला नाही.

इथल्या घरांच्या मोठ्या खिडक्यांना दिवसा पडदे नसतात. मी काचेला नाक लावलं. चेलो कोपऱ्यात आडवा पडलेला होता, शेजारी गज. खुर्ची रिकामी. आणि सूर तर चालूच. बैठकीचं आतलं दार उघडं होतं. त्यातून पुढच्या दारालगतच्या पॅसेजची फरशी दिसत होती. फरशीवर एक पाऊल, बोटं वर, सपात निघालेली.

मी किंचाळले असेन. दार ढकललं, ते हलेना. मागे वळले तर फाटकात एक उंच माणूस उभा होता, हिरवा रेनकोट, हातात कुत्र्यांचे पट्टे. तो कधी आला ते कळलंच नाही. कुत्री ओळीनं बसली होती, एकही भुंकत नव्हतं. मला डच सुचेना; मी नुसती दाराकडे बोट दाखवत राहिले. तो शांतपणे पुढे आला, पत्रांची झडप उचलून त्यानं दोन बोटं आत घातली आणि एक दोरी ओढली. दार उघडलं. पूर्वी इथे कडीला दोरी बांधून ती पत्रांच्या फटीत सोडून ठेवत, म्हणजे शेजारपाजारच्यांना हवं तेव्हा आत येता येई, हे मी ऐकून होते. "जा आत," तो म्हणाला, "ती वाट बघते आहे."

मी उंबरठा ओलांडला आणि चेलो थांबला.

कॉरी जिन्याच्या पायथ्याशी पडली होती. तोंड वाकडं झालेलं, डोळे सताड उघडे, माझ्याकडेच. मी फोनवर एकशे बारा लावला, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडाला येईल ते पुटपुटत राहिले, मराठीतच. ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत आली. पक्षाघाताचा झटका होता. थोडा आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. स्ट्रेचर बाहेर काढताना मी रस्त्यावर पाहिलं. माणूस नव्हता, कुत्री नव्हती. आभार मानायचेही राहून गेले.

घर बंद करायला कॉरीची भाची आली, तेव्हा मी तिला त्या दोरीबद्दल विचारलं. "दोरी? ती मावशीनं कधीच काढली. मी शाळेत होते तेव्हा." मी स्वतः झडप उचलून हात घातला. आत नुसतं गार लाकूड.

संध्याकाळी सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "कुत्री किती होती गं?"

मी डोळे मिटून आठवलं. "चार."

फोनवर हुंदका ऐकू आला. इथे कुत्री फिरवून आणणं हा धंदाच आहे, कुणी चार नेतो, कुणी सहा. हे मला कळतं, आणि मी कुणाशी वाद घालत नाही.

दोन महिन्यांनी कॉरीला नीट बोलता येऊ लागलं. डावा हात गेला तो गेलाच. शुश्रूषागृहाच्या खिडकीशी तिच्या शेजारी बसून मी एकदाचं म्हटलं, "कॉरी, मी त्या दिवशी तुझी चौकशी करायला आले नव्हते. मी..."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पाकीट माझ्या डोळ्यांसमोर पडलं. पानांचा कोपरा बाहेर आला होता, तुझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. हाक मारायला गेले तर जीभ वळेना. तुझी पावलं फाटकापर्यंत गेली. मला वाटलं, संपलं. मग मी वाजवायला लागले. डोक्यात. दुसरं काय होतं माझ्याकडे? तुझी जागा आली की पुढे जाता येईना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून."

मला रडू आवरेना. मी ते ऐकलं, एवढंच कसंबसं सांगितलं. कॉरी देव मानत नाही. तिनं काही विचारलं नाही. उजव्या हातानं माझा हात धरला आणि म्हणाली, "पाकीट मी उघडलेलं नाही. भाचीनं इथे आणून दिलं, ड्रॉवरमध्ये आहे, घेऊन जा."

लहानपणापासून माझी समजूत अशी की देवाला चांगलं तेवढंच वाहायचं. किडलेलं फूल बाजूला काढायचं, डागाळलेलं फळ घरात खायचं. माझा राग, माझी घमेंड मी कधी महाराजांसमोर नेलीच नाही. ते आपलं आपण बघून घेऊ, असं वाटायचं. आणि त्यांनी नेमकं तेच उचललं. मी शहाण्यासारखी वागले असते, शनिवारची वाट पाहिली असती, तर त्या गुरुवारी त्या दारात कुणीच गेलं नसतं. माझ्याकडचं सगळ्यात वाईट जे होतं, त्याच्या हाताला धरून त्यांनी मला तिच्या दारापर्यंत नेलं. आता हात जोडताना मी काही निवडत नाही. आहे तशी सगळी त्यांच्या पायाशी बसते. माझं माणूस त्यांनी मला परत दिलं, तेही मी त्याला सोडून निघाले असताना.