बारातारीचं दावं

वारूळवाडीत माझा धंदा ठिबकच्या नळ्यांचा, पण आसपासच्या गावांत मला ओळखतात ते वेगळ्याच कारणानं. कुणाच्या पोरानं मोबाईलवर जुनी गिटार शोधून काढली की त्याच्या बापाचा मला फोन येतो, "भाऊ, पैसे द्यायच्या आधी एकदा डोळ्यांखालून घाला." बैल घेताना जाणता माणूस बरोबर न्यायचा, तसं मला नेतात. चहा मिळतो, नशीब असलं तर भजीही मिळतात, आणि गिटार भिकार निघाली तर विकणाऱ्याच्या शिव्याही मिळतात. कारण मी तोंडाचा फटकळ. मान वाकलेली असली तर वाकलीय म्हणतो. भिडेखातर किंमत वाढवत नाही आणि कुणाच्या चहाला जागून उतरवतही नाही.

तर असा मी, आणि परवा लोणीहून वहिनींचा फोन आला.

वहिनी म्हणजे माझ्या दोस्ताची बायको. "भाऊजी, ती त्येंची बारातारी गिटार इकायचीय," त्या म्हणाल्या. "घर पाडून स्लॅब टाकतोय, ठेवायला जागा न्हाई. मंचरचा एक डीजेवाला चार हजार म्हणतोय. तुमी येऊन खरी किंमत सांगा, म्हंजी मला कुणी फसवायला नगं." मी "येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. समोरचं गिऱ्हाईक नळीचा एल्बो मागत होतं, मी त्याच्या हातात तीन तोंडांचा टी ठेवला. तो म्हणाला, "राव, लक्ष कुठंय?" लक्ष कुठं होतं ते त्याला काय सांगणार, कपाळ?

तरुणपणी आम्ही दोघं लग्नाच्या हळदीत वाजवायचो. आमचा छोटा ऑर्केस्ट्रा होता. मी साधी सहा तारांची गिटार वाजवायचो आणि त्याच्या मागं दुसरा आवाज द्यायचो. तो गायचा आणि बारा तारांची वाजवायचा. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा अगदी शेजारीशेजारी, आणि एकदम छेडायच्या. बहुतेक जोड्यांत एक जाड आणि एक बारीक, म्हणजे एकच सूर खालीही वाजतो आणि वरही. पुरुषानं गावं आणि घरातल्या पोरीनं आतून तेच गुणगुणावं, तसं ऐकू येतं. मांडवातली माणसं हातातलं ताट विसरायची, खोटं नाही सांगत.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. हॉस्पिटलातून परस्पर नेला. मला खांदा देता आला नाही, शेवटचं तोंडही बघता आलं नाही. त्यानंतर मी माझी सहातारी पुष्कळदा हातात घेतली, पण तिच्यावर मला निम्मंच गाणं ऐकू येतं. उरलेलं निम्मं लोणीत त्याच्या भिंतीवर टांगलेलं होतं. मला ती गिटार हवी होती. पण गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन "ती वस्तू मला द्या" असं म्हणायला जीभ कशी रेटणार? मग दहावं-तेरावं सोडलं तर मी त्या घराकडं फिरकलोच नाही.

आणि आता बाई मलाच किंमत विचारत होती. खरी सांगितली तर डीजेवाला चार पैसे वाढवून उचलणार आणि स्टुडिओत रील्सच्या मागं लटकवणार. कमी सांगितली तर "मग तुमीच घ्या" म्हणायला वहिनी कमी करणार नाहीत. माणसाचं मन लई नालायक असतं बघा. पुण्याला माल आणायला गेलो तेव्हा बारा तारांचं नवं पाकीट घेऊन आलो. किंमत सांगायला जाणाऱ्याला तारा कशाला लागतात, हे मी स्वतःला विचारायचं टाळलं.

मंचरच्या चौकात कांद्याच्या ट्रकांनी जीव खाल्ला. लोणीत पोहोचलो तर वहिनी अंगणात कांदा निवडत बसलेल्या. खाटेवर धुतलेली सतरंजी, तिच्यावर गिटार, आणि गिटारीवर एकही तार नाही. पुसूनपासून, हळदकुंकू लावून ठेवलेली, पण पार बोडकी.

"अहो वहिनी, तारा कुठं गेल्या?"

"काढल्या की. कालच पक्कड घिऊन सगळ्या काढल्या."

"कशापायी?"

माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं, की जणू मीच शहरातून आलेला पावणा. "जनावर इकताना दावं देत्यात का कुणी? दावं आपल्या गोठ्यात ठिवायचं. घेणारा त्याचं त्याचं दावं आणतो. हिचं दावं म्हंजी ताराच की वो."

मी डोक्याला हात लावला. रीत मला ठाऊक आहे. आमच्या घरची गाय विकली तेव्हा माझ्या आईनंही दावं सोडून घेतलं होतं, गोठा रिकामा पडू नये म्हणून. पण गिटारीला ही रीत लावलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आणि लावली ती नेमकी अशा ठिकाणी की माझं सगळं कसब बसलं बोंबलत. तारांचा ताण नसला की कुठलीही मान सरळच दिसते, पोट सपाटच दिसतं. ओझं न लादता बैल कसा जोखायचा? आणि खरं सांगायचं तर राग त्याचा नव्हताच. तो आवाज एकदा ऐकायला मिळेल म्हणून मी आलो होतो, आणि ही बाई तोच काढून ठेवून बसली होती.

तरी जेवढं बघता येतं तेवढं बघितलं. मानेवरच्या पट्ट्या पहिल्या तीन घरांत झिजलेल्या, पुढं ठणठणीत. कान, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या, बाराच्या बारा फिरत होते. तारा जिथं खाली अडकतात त्या लाकडी पट्टीखाली मी लग्नपत्रिकेचा कोपरा सरकवून पाहिला. थोडासा आत गेला, म्हणजे पट्टी उचलू लागली होती. मग गिटार हलवून पाहिली. आत काहीतरी खुळखुळलं. आतली आडवी काठी सुटली की काय, म्हणून उलटी केली, तर भोकातून सतरंजीवर अक्षता पडल्या. पिवळ्या पडलेल्या, पाचसहा दाणे. कुणाच्या लग्नातल्या कुणास ठाऊक! वहिनींनी ते वेचले आणि पदराच्या टोकाला बांधले.

भोकाच्या कडेला हळदीचा डाग होता. कुठल्यातरी नवरीच्या करवलीनं चेष्टेत त्याच्या हातावर हळद फासली आणि तो तसाच वाजवत राहिला, तेव्हाचा. दुसऱ्या कुणाची असती तर डागाचे पाचशे रुपये मी बेलाशक वजा केले असते.

"तारा लावल्याशिवाय किंमत कळायची नाही," मी म्हणालो आणि पिशवीतून पाकीट काढलं.

वहिनींनी पाकिटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "दावं घिऊनच आलाय की," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा कांद्याकडं वळल्या. माझे कान गरम झाले.

बारा तारा चढवणं म्हणजे ताप असतो. एक लावावी तर दुसरी उतरते. मी फोनवर बघून सगळ्या सुरात आणल्या, लाकडाला ताणाची सवय व्हावी म्हणून थोडं थांबलो, आणि मान डोळ्यांच्या रेषेत धरली. सरळ होती. मग छेडली.

कांदा निवडणारे हात थांबले. "हे त्येंचं न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"गिटार तर तीच आहे."

"असंल. आवाज न्हाई त्यो."

आधी मला चीड आली, मग आठवलं. तो सगळ्या तारा दोन घरं खाली उतरवून लावायचा. म्हणायचा, "मान किती सोसंल लेका, जू हलकं ठेव." मी बाराही खाली उतरवल्या. पुन्हा छेडली. वहिनी आता जवळ येऊन खाटेच्या पायाशी बसल्या होत्या.

"आता जवळ आलं. पर ती एक बारीक मधीच चिरकतीय, ती कोण?"

आणि मला हसू फुटलं. तिसऱ्या जोडीतली बारीक तार! ती सगळ्यांत नाजूक. ऐन हळदीत फटकन तुटायची, सुटी तार इकडं विकत मिळायची नाही, तिच्यासाठी पुण्याला कोण पळणार? शेवटी त्यानं ती लावणंच सोडलं. सारा तालुका बारातारी बारातारी म्हणायचा, आणि गडी वर्षानुवर्षं अकरा तारा वाजवत होता. वहिनी उठून आतून फरसाणाचा डबा घेऊन आल्या. त्यात काढलेल्या तारांची वेटोळी होती. मोजली. अकरा.

"मला वाटलं, एक माझ्याच हातनं हरवली," त्या म्हणाल्या. "रातभर शोधत व्हते."

मी ती बारीक तार सोडवली आणि वाजवलं. आमच्या हळदीतली नेहमीची सुरावट, जिच्यावर तो गायला सुरुवात करायचा. या वेळी आवाज तोच होता. जागा आली तेव्हा मी थांबलो, त्यानं पहिला शब्द उचलावा म्हणून. सवयच ती. अंगणात कुणी गायलं नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत, वहिनींसमोर कसली लाज?

मग त्यांनी विचारलं, "किती धरायचे?"

"मान सरळ आहे, आवाज भरलेला आहे. खालची उचललेली पट्टी चिकटवून घ्यावी लागेल, त्याचा खर्च वजा केला. नऊ हजार. याच्या खाली एक रुपया उतरू नका. डीजेवाला देईल, नाही कशाला म्हणतोय."

"त्यो दील," वहिनी म्हणाल्या. "मी त्याला कवाच न्हाई म्हणून सांगितलंय."

"मग मला कशाला बोलावलं?"

"तुमी मागाल म्हणून. इतकी वर्सं वाट बघितली, भाऊजी. तुमी काय तोंड उघडंना. मग म्हणलं, इकायला काढावी, तवा तरी येताल."

फटकळ म्हणून पंचक्रोशीत नाव माझं, आणि चार शब्द तोंडातून निघेनात. "द्या मला," एवढं कसंबसं म्हणालो. गुगल पे नको म्हणाल्या, म्हणून मंचरला माघारी जाऊन एटीएममधून नऊ हजार आणले. त्यांनी ते न मोजता देवापुढं ठेवले.

निघताना त्यांनी हात पुढं केला. "ती बारीक तार द्या हिकडं." मी काढून ठेवलेली नवी तार दिली. त्यांनी तिचं वेटोळं केलं, डब्यात अकरांबरोबर ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं.

"आता दावं पुरं झालं," त्या म्हणाल्या. मी गिटार पाठीला बांधत होतो, तर मागून जुन्या सतरंजीच्या पट्ट्यानं ती नीट आवळून देत पुढं म्हणाल्या, "दावं हितं हाय, म्हंजी ती फिरून येणार. तिला घर ठाव हाय. तुमी निस्तं तिच्यासंगं येत जा."