जाड आवाजाची घंटा

आमचे हे पंप दुरुस्त करतात. नखांत कायम ग्रीस आणि डोक्यात कायम सूर. दरवर्षी आमच्या चर्चमधल्या नाताळच्या एका गाण्याची मांडणी तेच करतात: एकेका सुराच्या हातघंटा कुठे वाजवायच्या, गाणाऱ्या कॉयरने कुठे गायचं, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांनी कुठे घुसायचं. हे स्वतः ट्रम्पेटवर. महिनाभर स्वयंपाकघरातलं टेबल त्यांचं. मी भाजी ओट्याशी उभ्याने चिरते, कुरकुर न करता. बरं, थोडी करते.

यंदा बारीक आवाजाच्या घंटा त्यांनी बालवाडीच्या बाईंना दिल्या. म्हणजे जवळजवळ अख्खी चाल त्यांच्या हातात. आणि मला काय, तर जाड आवाजाच्या दोन, हंड्याएवढ्या. कडवं संपताना एकदा ठण्ण करायचं आणि गप उभं राहायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या बाई तशा चांगल्या आहेत, हेच तर दुखणं. नाजूक मनगटं, गोड हसणं, आणि सरावात हे त्यांना "वा, छान" म्हणतात. मला लग्नापासून "छान" मिळालंय ते फक्त चहाला.

जेवताना मी विषय काढलाच. "चाल त्यांना आणि मला ठणठण?"

"अगं, ती जागा महत्त्वाची आहे."

"मग द्या की त्यांनाच, एवढी महत्त्वाची आहे तर."

बोलणं ह्यांच्या जिवावर येतं. घास गिळून "बरं" म्हणाले.

पुढच्या सरावाला घंटा बदलल्या. मला झकास जमलं. मी ऐटीत ह्यांच्याकडे बघितलं, तर ट्रम्पेट ओठांशी धरून हे बघत होते बाईंच्या हाताकडे. जाड घंटा वाजली, ह्यांनी श्वास घेतला, त्यांच्यामागे सगळ्या वाजवणाऱ्यांनी घेतला, आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोन असे दणाणले की खिडक्या थरथरल्या. पुढच्या कडव्यालाही तेच. इतके दिवस मी मान खाली घालून मात्रा मोजत होते. हे माझ्याकडे बघून श्वास घेतात, हे मला कोण सांगणार?

घरी येताना म्हटलं, "त्या जाड घंटा मला परत द्या."

"आता? त्यांना मस्त जमलंय. आणि चाल तुलाच हवी होती ना?"

नाताळला मी चाल वाजवली, एकही सूर न चुकवता. आणि दर कडव्याला माझ्या नवऱ्याने परक्या बाईकडे बघून श्वास घेतला, भर चर्चमध्ये, माझ्यासमोर.