'प्रॉब्लेम'ला बंदी आणि चाकाखालचा चिरा

"हा चिरा काढा," मॅनेजर म्हणाले.

लोखंडाच्या खनिजाने भरलेला टिपर वर्कशॉपच्या दारात उभा होता. पुढच्या चाकाला तांबडा चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, लावलेला होता आणि ड्रायव्हर गुणाजी हाताची घडी घालून बाजूला थांबला होता. डिचोली तालुक्यातल्या त्या खाणीवर मी वर्कशॉपचा फोरमन होतो. गाड्या दुरुस्त करणं आणि नादुरुस्त गाड्या अडवणं, ही माझी दोन कामं. दुसऱ्या कामाबद्दल मला कधी कोणी शाबासकी दिली नाही.

आधी चिऱ्याचं सांगतो. आमच्याकडे ड्रायव्हरला गाडीबद्दल शंका आली की तो चाकाला चिरा लावायचा. मग ती गाडी कोणी हलवायची नाही. मी तपासायचो, चालवून बघायचो, आणि चिरा मीच काढायचो. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा सगळे पाळत होते.

चिरा लावताना ड्रायव्हर एवढंच म्हणायचा, "प्रॉब्लेम आसा." हा शब्द इंग्रजी असला तरी आमच्याकडे घरचाच झालेला. शाळेत प्रॉब्लेम म्हणजे गणित. घरात प्रॉब्लेम म्हणजे विहिरीवरचा पंप जळला. सोयरिकीच्या बोलण्यात मुलीकडच्यांनी 'थोडो प्रॉब्लेम आसा' म्हटलं की चहा संपवून निमूट उठायचं. पेडण्यात माझ्या काकांना पोटाचा प्रॉब्लेम होता, बागायतीचा होता आणि धाकट्या भावाचाही होता, आणि कुठल्या वेळी कुठला ते ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं. वर्कशॉपात मात्र त्याचा अर्थ एकच. गाडी हलणार नाही.

आमच्या नव्या मॅनेजरना, सबनीसांना, हा शब्द निगेटिव्ह वाटला. त्यांनी पणजीहून एक टायवाला ट्रेनर आणला. धुळीने लाल झालेली आमची माणसं त्याने कॅन्टीनमध्ये बसवली आणि सांगितलं, "प्रॉब्लेम म्हणायचं नाही. इश्यू म्हणा. कन्सर्न म्हणा. चॅलेंज म्हणा. नाहीतर सरळ ऑब्झर्वेशन म्हणा."

आमच्या वेल्डरने विचारलं, "आणि गाडयेक आग लागली तर?"

"तोही एक चॅलेंजच," ट्रेनर गंभीरपणे म्हणाला.

नंतर सगळ्यांना भाजी-पाव मिळाला. दिवसभरात तेवढंच पदरात पडलं.

मला त्या शब्दांची चीड का, तेही सांगतो. प्रॉब्लेम म्हटला की कोणीतरी तो सोडवायचा असतो. इश्यूवर मीटिंग होते. कन्सर्न नुसता वाटतो. चॅलेंज ज्याच्या गळ्यात पडेल त्याने मुकाट पेलायचा. आणि ऑब्झर्वेशन म्हणजे पाहिलं, संपलं. डिक्शनरीत हे सगळे एकमेकांचे भाऊबंद असतील. खाणीवर ते अंग काढून घेण्याचे वेगवेगळे रस्ते होते. साहेबांनी लगोलग फर्मान काढलं, की ऑब्झर्वेशनसाठी गाडी थांबणार नाही.

ड्रायव्हर हुशार. त्यांनी शब्द सोडला आणि चिरा धरून ठेवला. तोंडाने काही बोलायचे नाहीत, चाकाला चिरा लावून उभे राहायचे.

तर त्या सकाळी गुणाजी तसाच उभा होता. दोडामार्गकडचा माणूस, कामाला चोख, पण हंगामी. साहेबांची मर्जी गेली की दुसऱ्या दिवशी घरी.

"काय झाला रे?" मी विचारलं.

"नाईकानू, ब्रेकाचो वारो सुटता. सपाटीक गाडी धरता, उताराक धरणा नाय."

वारो म्हणजे हवा. टिपरचे ब्रेक दाबून भरलेल्या हवेवर चालतात. कुठे गळती असली तरी सपाट रस्त्यावर निभावून जातं. लांब उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावा लागतो, टाकीतली हवा संपते, आणि मग पेडल दाबलं काय नि न दाबलं काय सारखंच. आमचा रस्ता खाणीपासून नदीवरच्या जेटीपर्यंत, जिथे खनिज बार्जवर म्हणजे सपाट बोटींवर चढायचं, सगळा उताराचा. पायथ्याशी वळण, आणि वळणावर बस स्टॉप. तो शुक्रवार होता. म्हापशाच्या बाजाराला जाणाऱ्या बायका टोपल्या घेऊन तिथे बसची वाट बघत होत्या. वर्कशॉपाच्या दारातून त्या स्पष्ट दिसत होत्या.

"साहेब, ब्रेकला प्रॉब्लेम आहे," मी म्हणालो.

"नाईक, शब्द!" सबनीसांनी बोट वर केलं.

"ब्रेक लागत नाहीत. याला चांगलासा शब्द तुम्हीच सांगा."

"हे ऑब्झर्वेशन झालं. जेटीवर बार्ज उभी आहे. ओहोटी लागली की ती अडकेल. एवढी खेप जाऊ दे, आल्यावर बघा. हळू चालव म्हणावं त्याला."

ब्रेक नसलेली गाडी हळू कशी चालवायची, हे त्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. गुणाजीने माझ्याकडे पाहिलं. मग तो चिरा काढायला खाली वाकला.

"काढतंय, सायबानू," तो म्हणाला.

मला संताप आला. या माणसाला जीव प्यारा नव्हता असं नाही, त्याला घरची चूल दिसत होती. मी चिऱ्यावर पाय ठेवला.

"ठीक आहे, साहेब. गाडी जाऊ दे," मी म्हणालो. "फक्त तुम्ही केबिनमध्ये बसा. तुमच्या शेजारी मी बसतो. नुसतं ऑब्झर्वेशनच आहे, दोघं बघत बघत जाऊ."

गुणाजीने अदबीने केबिनचं दार उघडलं. सगळं वर्कशॉप काम टाकून बघत होतं. आता माघार घेतली तर शोभेना, म्हणून साहेबांनी एक पाय पायरीवर ठेवला. मग मान वळवून उताराकडे पाहिलं. खाली वळणावरच्या बायकांकडे पाहिलं. पाय हळूच जमिनीवर आला.

"नाही, पण नाईक," ते म्हणाले, "नक्की प्रॉब्लेम काय आहे?"

वेल्डर खोकला.

गाडी रिकामी करून पिटवर, म्हणजे खालून तपासायच्या खड्ड्यावर, घेतली. हवेचा पाइप चासीला घासून घासून कातरला होता. मेकॅनिकने हात लावला आणि तुकडा त्याच्या हातात आला. तो मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. बार्जची भरती चुकली, ती पुढच्या भरतीला गेली. कोणाचं काही बिघडलं नाही. म्हापशाची बस आली, बायका टोपल्या चढवून निघून गेल्या. गुणाजीची नोकरी टिकली.

पुढच्या आठवड्यात मला मेमो आला. फोरमन नाईक यांच्यात अॅटिट्यूड प्रॉब्लेम आहे, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे शब्दाला बंदी नव्हतीच. तो गाड्यांना लावायचा नव्हता, माणसांसाठी राखून ठेवला होता.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत नवा ड्रायव्हर रुजू झाला की त्याला आधी कॅन्टीनमध्ये नेऊन ते शब्द पढवत. तिथून सुटला की मी त्याला वर्कशॉपाच्या मागे नेई आणि चिरे कुठे रचून ठेवलेत ते दाखवी.