आठ महिन्यांची गोधडी आणि सिल्वासाचा स्टॉल

"या छंदापेक्षा घोडा पाळला असता तर स्वस्तात पडलं असतं का गं?" नवऱ्याने हे अगदी शांतपणे विचारलं, म्हणून जास्त लागलं.

मी गोधड्या शिवते. जुन्या साड्यांच्या नाही. कापड परदेशी सुती, कापायला फिरत्या पात्याची सुरी, आत घालायचा पातळ कापूस खास मागवलेला. मशीन तर एवढं महाग, की त्यावर बसताना मी चपला बाहेर काढते. त्यामुळे मावसबहीण वैशालीचा सिल्वासाहून फोन आला, "आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार हस्तकलेचं प्रदर्शन आहे, स्टॉल घे," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. एक तरी गोधडी विकून दाखवायची होती. घरी, आणि खरं तर स्वतःलाही.

डिसेंबरातल्या शुक्रवारी सकाळी सहाला नाशिकहून निघाले. पेठ, कपराडा, नानापोंढा, सिल्वासा. थांबत गेलात तर साडेचार तास धरा. कपराड्याचा घाट उजेडातच उतरा, उतार तीव्र आहे आणि समोरून ट्रक येतात. नानापोंढ्याच्या पुढे रस्त्याकडेला उंबाडियुं मिळतं, म्हणजे मडक्यात पाल्याबरोबर भाजलेले कंद आणि वालपापडीच्या शेंगा. हिरव्या चटणीशी खा. मी अर्धा किलो एकटीने संपवलं आणि वैशालीला सांगितलं, वाटेत काही मिळालं नाही.

ती सिल्वासातल्या डोकमर्डीत राहते, तिथल्याच शाळेत शिकवते. शनिवारी स्टॉलच्या मधोमध मी माझी सगळ्यात लाडकी गोधडी टांगली. निळ्या-पिवळ्या चांदण्या, आठ महिन्यांचं काम. दुपारपर्यंत काय खपलं? गरम भांडी धरायचे पाच रुमाल, तेही उरलेल्या तुकड्यांचे. गोधडीची किंमत ऐकून एका काकूंनी विचारलं, "यात पलंगपण येतो का?"

चारच्या सुमारास कारखान्याचा निळा कोट घातलेली एक बाई समोर येऊन थांबली.

"हाई गोधडी शे ना?"

अहिराणी! माझी आजी धुळ्याची, त्यामुळे कान टवकारले. सुमनबाई धुळ्याकडच्याच निघाल्या. जवळच्याच राखोली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात काम, पहिली पाळी संपवून आल्या होत्या. त्यांनी चांदण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ गोधडी उलटी केली आणि पाठीवरून हात फिरवत एका कोपऱ्यात थांबल्या. चार बोटं शिवण उसवली होती.

"मशीनची शिलाई आहे हो," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"मशीनला काय माहीत ताई, माणूस किती लोळतो ते." मग त्या हसल्या. "उद्या मना घर या. सुट्टी शे. करू नीट."

रात्रभर मी चिडलेली होते. सकाळी मात्र स्टॉल वैशालीवर सोपवला, गोधडी उचलली आणि गाडी राखोलीकडेच वळवली.

दमणगंगा नदीपासून जवळ, चाळीतली एक खोली. पलंगावर त्यांची गोधडी होती, जुन्या साड्यांची, टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. त्यांनी माझी गोधडी जमिनीवर पसरली, एक टोक स्वतः घेतलं, दुसरं माझ्याकडे ढकललं. माझे टाके त्यांनी दोनदा उसवले. "पुन्हा," एवढंच म्हणायच्या. परदेशी कापडावर हजारो रुपये उधळणारी मी, शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून शिवत होते.

"ही अंगावर घेतली कोणी?"

"नाही. घडी करून ठेवते."

"मग अजून गोधडी झाली नाही ती," त्या दोरा दातांनी तोडत म्हणाल्या.

पैसे घेईनात. "चिंध्या द्या तुमच्या, नातीला झबलं शिवते." चिंध्या! ती पिशवी मी जिवापाड जपते. क्षणभर हात अडखळला, मग आख्खी पिशवी देऊन टाकली.

रविवारी दुपारी एक जोडपं आलं, बरोबर दोन धावती पोरं. त्यातल्या बायकोने किंमत ऐकली, घासाघीससुद्धा केली नाही.

"मस्त आहे! दुधनीला तळ्यावर जातो ना आम्ही, खाली अंथरायला होईल."

खाली. अंथरायला.

"आणि ताई, आधीच सांगतो," नवरा म्हणाला, "ही पोरं त्यावर वरण-भात सांडणार."

'ती विकली गेली आहे' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. वैशालीने मागून चिमटा काढला. पण चिमट्यापेक्षा सकाळचं ते दोरा तोडतानाचं वाक्य जास्त जोरात होतं. मी गोधडीची घडी केली, धुवायची कशी ते दोनदा सांगितलं, आणि तिच्या हातात दिली. ती वळल्यावर पाणी प्यायला म्हणून हॉलबाहेर गेले. पाणी नव्हतं प्यायचं.

परतताना एक सूचना: सिल्वासात दारू मिळते, गुजरातेत बंदी. त्यामुळे सीमेवर गाडी तपासतात. पोलिसाने डिक्कीतली गाठोडी पाहिली.

"आमां शुं छे, बेन?"

"गोधड्या."

त्याचा विश्वास बसेना. न खपलेल्या चारही गोधड्या उलगडून बाटल्या शोधल्या. शेवटी एक किमतीची चिठ्ठी वाचून म्हणाला, "रजाईना पांच हजार?" आणि बाटली सापडल्यापेक्षा जास्त संशयाने माझ्याकडे पाहिलं.

घरी नवऱ्याने दार उघडलं. "विकली?"

"विकली."

"मग तोंड का असं?"

मी गाठोडी आत आणायला वळले. पेट्रोल, स्टॉलचं भाडं, उंबाडियुं धरून या सहलीत काही उरलं नाही. पण परवा नव्या गोधडीला हाताने टाके घातले, तिसऱ्यांदा उसवून. आणि दर रविवारी दुपारी मनात येतं, आत्ता दुधनीच्या काठावर माझ्या चांदण्यांवर कोणीतरी पाय पसरून जेवत असेल. आता ते बोचत नाही.

खोटं कशाला बोलू, थोडं बोचतं.